माप नेमके कोठे घेतले? : ऊर्ध्वगामी महाधमनीच्या विभागणीची कथा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सारे आयुष्य कापडाच्या दुकानात गादीवर बसून गेले. लेखन हा माझा प्रांत नव्हे आणि वैद्यक तर नव्हेच नव्हे. परंतु मध्यंतरी आमच्या घरात असा एक प्रसंग घडला की, त्यानिमित्ताने एका विषयाचे बरेच वाचन मला करावे लागले. त्या वाचनातून जे हाती लागले ते आपल्या समाजबांधवांच्या उपयोगी पडेल, या भावनेने हा लेख सादर करीत आहे.

प्रसंग असा. आमचे वडील बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, यांना रक्तदाबाचा जुना विकार. बीडला त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, केली, तेव्हा अहवालात 'असेंडिंग एओर्टा ४.१ सेंटिमीटर' असे लिहून आले. डॉक्टरांनी काळजीचे कारण नाही, पण लक्ष ठेवावे लागेल, असे सांगितले. सहा महिन्यांनी छत्रपती संभाजीनगर येथे सीटी स्कॅन केला, तर आकडा आला ४.६. सहा महिन्यांत अर्धा सेंटिमीटर वाढ! रक्तवाहिनी या वेगाने फुगत असेल तर ती केव्हाही फाटू शकते, असे कोणी सांगितले आणि घरात कोणाच्या घशाखाली घास उतरेना. मुंबईला शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी, बँकेतील ठेव मोडावी, येथपर्यंत बोलणी झाली. वहिनींनी तर देवघरातून उठणेच सोडले.

पुढे एका ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी अहवालाचा कागद बाजूला ठेवला, सीडीतील चित्रे संगणकावर लावली आणि पहिला प्रश्न विचारला, "हे माप नेमके कोठे घेतले आहे?" त्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही अहवालांत नव्हते. कापड मोजण्यात ज्याचा जन्म गेला त्याला हा प्रश्न सुचू नये, याची मला मनोमन लाज वाटली. हा प्रश्न विचारता यावा, यासाठी जगातील विद्वानांनी किती शतके खर्ची घातली, त्याची ही कथा आहे.

महाधमनीची रचना

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त घेऊन निघणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. ती प्रथम वर जाते, मग कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत खाली पोटात उतरते. यांपैकी वर जाणारा जो पहिला तुकडा, तीच ऊर्ध्वगामी महाधमनी. तिची लांबी जेमतेम वीतभरही नसते. परंतु एवढ्याशा लांबीत तिचे चार वेगवेगळे भाग पडतात.

सर्वांत खाली झडप जेथे बसलेली असते ते कडे. त्याच्या वर तीन फुगीर कोश असतात. त्यांना वल्साल्वाचे कोश म्हणतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या दोन्ही धमन्या यांतील दोन कोशांतून निघतात. कोश संपून सरळ नळी सुरू होते ती अरुंद जागा म्हणजे कोश-नलिका संधी. त्यानंतरचा सरळ भाग म्हणजे नलिकाकार महाधमनी. ती कमानीची पहिली मोठी शाखा फुटते तेथे संपते. निरोगी माणसात कोशांचा भाग वरच्या नळीपेक्षा काही मिलिमीटरने रुंदच असतो. सबब एकदा कोशांपाशी व दुसऱ्यांदा नळीपाशी माप घेतले, तर प्रकृतीत काहीही बदल न होता आकडा बदलतो.

नावे कशी पडली

महाधमनीला 'एओर्टा' हे नाव इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने वापरले. दुसऱ्या शतकातील गेलन या वैद्याने पशूंचे विच्छेदन करून जे लिहिले, ते पुढे तेरा-चौदाशे वर्षे प्रमाण मानले गेले. या काळात महाधमनी ही एकच सलग नळी होती. तिच्या आरंभीच्या फुगवट्यांकडे वेगळे म्हणून पाहावे, असे फारसे कोणाला वाटले नाही.

ते पाहिले एका चित्रकाराने. लिओनार्दो दा विंची याने १५१३ च्या सुमारास बैलाच्या हृदयाचा अभ्यास केला. महाधमनीच्या मुळाचा काचेचा नमुना करून त्यात पाणी व गवताचे बी सोडावे आणि प्रवाहात उठणारे भोवरे पाहावेत, अशी योजना त्याने आपल्या टिपणवहीत लिहून ठेवली आहे. कोशांत फिरणारे हे भोवरेच झडप मिटण्यास साहाय्य करतात, हे त्याने ताडले होते. त्याच्या वह्या शतकानुशतके अज्ञात राहिल्या. ऑक्सफर्ड येथील बेलहाउस यांनी १९६८ साली प्रयोगाने हीच गोष्ट दाखविली, तेव्हा त्या चित्रकाराच्या दृष्टीची थोरवी जगाला कळली.

१५४३ साली व्हेसेलियसने मानवी शरीररचनेचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १६२८ साली विल्यम हार्वे याने रक्त शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे येते हे सिद्ध केले. कोशांना ज्याचे नाव मिळाले तो आंतोनियो मारिया वल्साल्वा (१६६६–१७२३) हा इटलीतील बोलोन्या येथील शरीरशास्त्रज्ञ. हयातीत त्याचे हे लेखन छापले गेले नाही. त्याचा शिष्य मोर्गान्यी याने १७४० साली, म्हणजे गुरूच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, ते प्रसिद्ध केले. आज बीडमधील एखाद्या अहवालात 'सायनस ऑफ वल्साल्वा' हे शब्द येतात, ते या शिष्याच्या गुरुनिष्ठेमुळे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

राजाचा मृत्यू आणि उशिरा कळणारे सत्य

२५ ऑक्टोबर १७६० रोजी इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हा सकाळी अचानक कोसळून मरण पावला. त्याचे वैद्य फ्रँक निकोल्स यांनी शवविच्छेदन केले. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साकळलेले आढळले आणि महाधमनीच्या आरंभीच्या भागात आडवी चीर दिसली. महाधमनीच्या भिंतीचा आतला थर फाटून रक्त थरांमध्ये शिरते, त्या विकाराचे हे आरंभीचे स्पष्ट वर्णन मानले जाते. १८१९ साली फ्रान्सच्या लेनेक याने, म्हणजे स्टेथोस्कोपच्या जनकाने, या विकाराला 'विच्छेदक' असे विशेषण दिले.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे सारे ज्ञान मृत्यूनंतरचे होते. महाधमनी कोठे फाटली हे कळावयाचे ते रुग्ण गेल्यावर. जिवंत माणसाची महाधमनी पाहता येत नव्हती, तोवर तिचे भाग पाडून उपयोग तरी काय होता?

जिवंत शरीरातील दर्शन

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत राँटजेनने क्ष-किरणांचा शोध लावला. त्यात हाडे दिसत, महाधमनीची मात्र केवळ सावली दिसे. १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये रॉब व स्टाइनबर्ग यांनी शिरेतून रंगद्रव्य टोचून हृदयाचे कप्पे व मोठ्या रक्तवाहिन्या क्ष-किरणांत उमटविल्या. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्झ यांनी, धातूतील दोष शोधण्याच्या ध्वनिलहरींच्या यंत्राने हृदयाची हालचाल टिपली. आजचा इको तो हाच. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले गेले. त्या कार्यासाठी १९७९ साली कॉरमॅक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परळचे योगदान

हे सारे परदेशातच घडले, असे मात्र नाही. आपल्या भागातील कितीतरी कुटुंबांनी ज्या रुग्णालयाची पायरी चढली आहे, त्या मुंबईतील परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचा या इतिहासात मानाचा वाटा आहे. १९२६ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाशी संलग्न असे शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले ते देणगीतून. येथे शिकविणारे पात्र भारतीयच असावेत, अशी अट दात्यांच्या विश्वस्तांनी घातली होती. इंग्रजी अमदानीत ही अट घालण्यास धैर्य लागे. दान देताना दूरदृष्टी असेल तर त्याचे फळ पिढ्यान्‌पिढ्या मिळते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

त्या फळांपैकी एक म्हणजे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा चमू. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण त्यांनीच के. ई. एम.मध्ये केले, रुग्ण काही तासच जगला, तरी ते धाडस इतिहासात नोंदले गेले. परंतु त्यापूर्वी पाच वर्षे, १९६३ साली, डॉ. सेन, डॉ. किणरे, डॉ. इंजिनिअर व डॉ. पारुळकर यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात महाधमनीच्या मधल्या भागाच्या विकारावर एक निबंध प्रसिद्ध केला होता. तरुण वयातच रक्तदाब भयंकर वाढलेला, हाताची नाडी जोरात आणि पायाची नाडी क्षीण, असे रुग्ण त्यांच्याकडे येत. महाधमनीच्या कमानीनंतर लगेच येणारे जन्मजात आकुंचन वैद्यकाला ठाऊक होते. पोटात जेथे तिला दोन फाटे फुटतात तेथील अडथळाही ठाऊक होता. दोन टोकांना नावे होती, मध्याला नव्हते. परळच्या या डॉक्टरांनी त्या मध्यभागाच्या विकाराचे स्वतंत्र चित्र उभे केले. पुढे १९७३ साली महाधमनीच्या या दाहजन्य विकाराच्या १०१ रुग्णांवरील प्रबंधग्रंथही त्यांच्या चमूने सिद्ध केला.

जपानमध्ये ताकायासू या नेत्रवैद्याने १९०८ साली ज्या विकाराची पहिली खूण डोळ्यांत पाहिली, तोच हा विकार. १९९६ साली जपानच्या नुमानो यांच्या चमूने महाधमनीची चित्रे पाहून या विकाराचे पाच प्रकार पाडले. ऊर्ध्वगामी भाग, कमान, छातीतील खाली उतरणारा भाग, पोटातील भाग, यांपैकी कोठे विकार आहे, यावर ती विभागणी आधारलेली आहे. हीच विभागणी लावून जपानी व भारतीय रुग्णांची तुलना झाली, तेव्हा जपानात ऊर्ध्वगामी भाग व कमान, तर भारतात पोटातील भाग व मूत्रपिंडाच्या धमन्या अधिक ग्रासलेल्या आढळल्या. भाग पाडले नसते तर हा फरक कोणाच्या दृष्टीस पडला असता?

कापडाच्या तुकड्याने वाचविलेले प्राण

आता मी माझ्या व्यवसायाजवळ येतो. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील शल्यविशारद मायकल डीबेकी यांनी स्वतः सांगितलेली हकिकत अशी की, १९५० च्या दशकात कृत्रिम धमनी शिवण्यासाठी नायलॉन आणावे म्हणून ते एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात गेले. नायलॉन संपले होते. विक्रेत्याने नवे आलेले डेक्रॉन दाखविले. ते त्यांनी घेतले आणि घरच्या शिवणयंत्रावर त्याची नळी शिवली. डेक्रॉन म्हणजे पॉलिस्टरच. आपल्याकडे टेरिलीन या नावाने ज्याचे शर्टपीस आम्ही वर्षानुवर्षे विकले, त्याचेच हे सख्खे भावंड. ज्या धाग्याकडे आम्ही केवळ 'चुरगळत नाही, रंग जात नाही' या दृष्टीने पाहिले, तो धागा माणसाच्या छातीत बसून रक्त वाहतो, हे वाचून मी थक्क झालो.

याच डीबेकींनी १९६५ साली महाधमनी फाटण्याचे तीन प्रकार सांगितले. ऊर्ध्वगामी भागापासून पुढे पसरलेला पहिला, ऊर्ध्वगामी भागापुरताच राहिलेला दुसरा आणि खाली उतरणाऱ्या भागातला तिसरा. १९७० साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ते आणखी सोपे केले. ऊर्ध्वगामी भाग फाटला असेल तर 'ए', नसेल तर 'बी'. 'ए' असेल तर तातडीची शस्त्रक्रिया; 'बी' असेल तर बहुधा प्रथम औषधे. दैवगती अशी की, २००५ च्या अखेरीस सत्त्याण्णव वर्षांच्या डीबेकींचीच ऊर्ध्वगामी महाधमनी फाटली. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनीच रूढ केलेल्या जातीची डेक्रॉनची नळी त्यांच्या छातीत बसविली गेली. ते जुलै २००८ पर्यंत जगले.

कोणता भाग फुगला आहे यावर शस्त्रक्रियेचे स्वरूपही ठरते. केवळ वरची नळी फुगली असेल तर तेवढाच तुकडा बदलतात. कोशांसह मूळच फुगले असेल, तर झडप व मूळ दोन्ही बदलून हृदयाच्या धमन्या नव्या नळीला जोडाव्या लागतात. ही पद्धत बेंटॉल व डी बोनो यांनी १९६८ साली सांगितली. स्वतःची झडप राखून मूळ बदलण्याची रीत टायरोन डेव्हिड व फाइंडेल यांनी १९९२ साली मांडली.

मापाला शिस्त आली

१९८९ साली न्यूयॉर्कच्या मेरी रोमन व सहकाऱ्यांनी इकोवर महाधमनीच्या मुळाचे माप चार ठिकाणी घ्यावे, असे दाखवून दिले: कडे, कोश, संधी आणि नळीचा आरंभ. १९९७ साली येल विद्यापीठातील अभ्यासात दिसले की, ऊर्ध्वगामी भाग ६ सेंटिमीटरच्या आसपास गेला की धोका एकदम वाढतो, तर छातीतील खाली उतरणाऱ्या भागात ती मर्यादा ७ च्या आसपास आहे. म्हणजे एकच आकडा एका जागी गंभीर आणि दुसऱ्या जागी सौम्य! २०१० साली अमेरिकेतील हृदयरोग संस्थांनी संपूर्ण महाधमनीवर मापाच्या नऊ जागा निश्चित केल्या. कोश, संधी आणि ऊर्ध्वगामी नळीचा मध्य या पहिल्या तीन. त्यानुसार ऊर्ध्वगामी भागासाठी शस्त्रक्रियेची सर्वसाधारण मर्यादा ५.५ सेंटिमीटर मानली गेली. २०२२ च्या मार्गदर्शिकेत अनुभवी केंद्रांत निवडक रुग्णांसाठी ती ५.० पर्यंत आणण्यास मुभा देण्यात आली. वर्षभरात अर्धा सेंटिमीटर वाढ झाली तरीही शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे त्यात आहे. दादांच्या दोन अहवालांतील फरक नेमका तेवढाच होता, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

जागा ठरली तरी मापाची रीत उरतेच, आणि ती आम्हा कापडवाल्यांना सहज समजावी अशी आहे. कापडाचा पन्हा मोजताना पट्टी काठाला काटकोनात धरावी लागते. तिरकी धरली की पन्हा वाढलेला दिसतो. सीटी यंत्र शरीराचे आडवे काप दाखविते, पण महाधमनी मुळापाशी तिरकी चाललेली असते. म्हणून संगणकावर चित्र फिरवून तिच्या दिशेला काटकोनात छेद घ्यावा लागतो. दुसरे, पन्हा किनारीसह मोजला की किनार सोडून, हे सांगावे लागते. तसेच महाधमनीची भिंत धरून मोजले की भिंत वगळून, याने दोन-चार मिलिमीटरचा फरक पडतो. तिसरे, कापड ताणून मोजू नये. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी महाधमनी ताणते व सैलावते. म्हणून ठोक्यांशी जुळवून चित्र घेतले नाही, तर कडा अस्पष्ट उमटतात.

दादांच्या बाबतीत झाले होते ते हेच. सीटीतील माप मुळाजवळच्या तिरक्या कापावर, भिंतीसह घेतलेले होते. ज्येष्ठ डॉक्टरांनी आमच्यासमोर छेद काटकोनात फिरविला, नळीच्या मध्यावर पुन्हा माप घेतले आणि आकडा आला ४.२. इकोचे माप त्याच भागातील होते, हेही त्यांनी पडताळले. एक मिलिमीटरचा फरक हा वाढ नव्हे, तो मोजणाऱ्याच्या हाताचा फरक होय, असे ते म्हणाले. रक्तदाबाची गोळी चुकवू नये, जड वजन उचलू नये आणि वर्षातून एकदा त्याच पद्धतीने तपासणी करावी, एवढाच सल्ला मिळाला. ठेव मोडावी लागली नाही. वहिनी घरी आल्यावर प्रथमच पोटभर जेवल्या.

उलटही घडू शकते, हे विसरता कामा नये. चुकीच्या जागी घेतलेले लहान माप खरा धोका झाकूनही ठेवील. म्हणून माझी समाजबांधवांना नम्र विनंती आहे की, घरातील कोणाच्या अहवालात महाधमनी रुंदावल्याचे लिहून आले, तर घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. जुने अहवाल व सीडी जपून ठेवाव्यात. डॉक्टरांना विनयपूर्वक तीन प्रश्न विचारावेत: माप कोणत्या भागात घेतले, काटकोनात घेतले काय, आणि मागील माप त्याच जागी त्याच रीतीने घेतलेले होते काय. रक्ताच्या नात्यात कोणाची महाधमनी फुगली वा फाटली असेल, तर तेही सांगावे, कारण हा विकार काही घराण्यांत चालत येतो. छातीत वा पाठीत अकस्मात फाडल्यासारखी असह्य कळ आली, तर मात्र प्रश्न विचारीत न बसता तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे.

आमच्या वडिलांनी दुकानात बसू लागलेल्या मला पहिल्याच दिवशी सांगितले होते की, गिऱ्हाईक भावाबद्दल भांडले तरी चालेल, मापाबद्दल शंका घेता कामा नये. त्यांनी ते सचोटीच्या अर्थाने सांगितले होते. मापातली चूक केवळ अप्रामाणिकपणाने होत नाही, जागा न सांगितल्यानेही होते, हे मला पासष्टी गाठल्यावर दादांच्या आजारपणाने शिकविले.